दादासाठी काही माहितीपट

१२ जानेवारी

दादा,

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीवरचा एक माहितीपट आमच्या वाचनालयात आलाय, तो बघ. एका मोठ्या रेल्वे स्टेशनच्या तळघरात ही खोली आहे आणि तिथे एक बाई काम करते. गाडीत विसरलेल्या वस्तू तिच्याकडे येतात, ती त्यांना चिठ्ठी बांधते आणि फळीवर ठेवते. मुलाखत नाही, मागे संगीत नाही. पण छत्री आली की ती एकदा उघडून बघते, काड्या धड आहेत का ते तपासते आणि मगच मिटून ठेवते. ती छत्री न्यायला कुणी येणार नाही हे तिला माहीत असतं, तरीही. हे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मला तो जास्त आवडला.

तुझं वाचनालयाचं कार्ड मी चालू ठेवलंय, तेव्हा तुला तिकडे बसून संगणकावरही बघता येईल. कार्डाच्या अर्जावर ‘याच पत्त्यावर राहतात का’ असा प्रश्न होता. मी ‘हो’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या मोठ्या बाईंच्या टेबलापाशी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. म्हणाल्या, ‘अगं, भाऊ ना तुझा? मग राहतोच की तो तिथे. जा, ते पावसाळी अंकांचे गठ्ठे सोड.’ त्यामुळे आता ते खोटं दोघींच्या वाटणीला आलंय.

तुझा फोन बंद आहे. गोदामाच्या पत्त्यावर लिहितेय, तिथे पत्र मिळतं असं तुझ्या माहितीपटांच्या जुन्या साउंडवाल्याने सांगितलं. तोच म्हणाला, तू आता पडद्यांसमोर बसून गोदामाचा पहारा करतोस. बारा-पंधरा पडदे, आवाज कशालाच नाही. ‘हल्ली तो तेवढंच बघतो,’ म्हणाला.

आपलं लहानपणचं ठरलेलं विसरला नसशील. एकाने सुचवलं की दुसऱ्याने बघायचंच. आणि आवडलं-नाही आवडलं म्हणायचं नाही, काय दिसलं ते एक सांगायचं. बाबांचीच शिस्त. ‘मत काय, सगळ्यांकडे असतं. तुला दिसलं काय ते सांग.’ मी तर शाळेत गेले तेव्हा चांगली मोठी होते, तोवर माझी शाळा म्हणजे तुम्ही तिघं. अक्षरं तू शिकवलीस, हिशेब आईने आणि बघायला बाबांनी. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, ‘चित्र कसं वाटलं?’ मी म्हटलं, ‘डावीकडच्या माणसाच्या बुटाची नाडी सुटलीये.’ सगळा वर्ग हसला होता. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘सुटली होती ना? मग झालं.’

तर बघ, आणि एका पोस्टकार्डावर एक ओळ टाक. बाकी काही लिहू नकोस, चालेल मला.

आई बरी आहे. बाबा बरे आहेत.

तुझं शेपूट


३ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. ‘एक छत्री तिने उघडली नाही. लहान मुलाची होती.’ मी पुन्हा जाऊन बघितलं. खरंच! दोनदा बघूनही मला दिसलं नव्हतं. वाचनालयात माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच नेमके आपले निवृत्त न्यायाधीश उभे. दर महिन्याला मी ‘या महिन्यात पाहावेत असे माहितीपट’ म्हणून जो कागद दारावर लावते, तो वाचून तक्रार करणारे हे एकटेच. ‘तुम्ही सुचवलेला तो खाणकामगारांचा बघितला,’ म्हणाले, ‘जेवण गेलं नाही. हे असं वर लिहीत चला ना, जेवणानंतर बघावा म्हणून.’ आता लिहीन. खरंच लिहायला हवं होतं.

कार्ड आईला दाखवलं नाही. तिच्यासमोर तुझा विषय निघाला की ती भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी.

दुसरा सुचवते. एका नदीवर पूल होणार म्हणून बंद पडणाऱ्या होडीसेवेचा आहे. दोन भाऊ ती चालवतात. एक खाली इंजिनपाशी, एक वर तिकिटं फाडतो. दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. निघा, थांबा, मागे घ्या, सगळं एका घंटेवर चालतं. दोर ओढला की खाली घंटा वाजते. भांडण कशावरून झालं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. पूल सुरू होतो त्या दिवशी काय होतं ते तूच बघ.

तू म्हणशील, शेपूट शहाणपणा शिकवतंय. हो, शिकवतेय. मला दुसरा कुठला मार्ग दिसत नाही.

मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते तसं खरं नाही, आणि ते लिहिल्यापासून मला चैन नाही. बाबांचं विसरणं वाढलंय. पैसे कुठे ठेवले, जेवलो की नाही, हे तर आता नेहमीचंच. मागच्या आठवड्यात मी कामावरून आले तर मला म्हणाले, ‘या बाई, बसा. मुलगी येईलच इतक्यात.’ मी बसले. काय करणार? थोड्या वेळाने आतून पाणी घेऊन आले, तेव्हा म्हणाले, ‘आलीस होय. एक बाई तुझी वाट बघून गेल्या.’

तू मात्र त्यांच्या ध्यानात आहेस. अगदी पक्का.

तुझ्याबद्दल ते कधी वाकडं बोलले नाहीत हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. त्या दिवशी सभागृहात जे झालं त्यानंतर तू लगेच निघून गेलास, पुढचं तू ऐकलं नाहीस. आई दाराशी तुला म्हणाली, ‘डॉक्टरकडे न्यायचं सोडून लोकांना दाखवलंस?’, ते तू ऐकलंस आणि गेलास. आम्ही बाबांना घरी आणलं. जिना चढताना पहिल्यांदाच त्यांनी आईचा हात धरला. वर आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, ‘पोराने नीट दाखवलंय. कुठे उगाच सजवलेलं नाही.’ एवढंच. मग बूट हातात घेऊन बराच वेळ बसले.

तुझं शेपूट


२१ फेब्रुवारी

दादा,

‘पूल सुरू झाल्यावर वरच्या भावाने घंटा वाजवली. होडी बांधलेलीच होती.’ मिळालं कार्ड. त्याखाली तू लिहिलंस, ‘उपदेश नको.’ बरं. नाही करत.

पण आज माहितीपट सुचवण्याआधी एक अडचण सांगते, कारण मला ती निस्तरता येत नाहीये.

बाबा ती सभागृहातली संध्याकाळ विसरले आहेत. पूर्ण. तू त्यांच्यावर माहितीपट केलास हे लक्षात आहे, महिनाभर तू घरात कॅमेरा घेऊन फिरत होतास हे लक्षात आहे, आई तुला ‘तो डबा खाली ठेव आणि जेव’ म्हणायची हेसुद्धा आहे. फक्त तो बघितल्याचं लक्षात नाही. त्यामुळे रोज सकाळी चहा झाला की विचारतात, ‘पोराने माझ्यावर केलंय ते कधी दाखवणार? सगळ्या गावाने बघितलं, मीच राहिलो.’

आणि आपल्या घरात तू ठेवून गेलेली प्रत आहे. आईने ती शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या खाली ठेवलीये. मला कळू नये असं तिला वाटतं. मला कळलंय हे तिला कळलंय.

मी आईला म्हटलं, दाखवूया का? ती म्हणाली, ‘एकदा मारून झालं ना त्यांना? आता रोज मारायचंय?’

मी काय उत्तर देऊ, दादा? माझं कामच लोकांना काय बघा ते सांगण्याचं. दारावर कागद लावते, खाली माझी सही असते. आणि घरातल्या माणसाने त्याच्यावरच केलेलं काही मागितलं तर मला ‘हो’ही म्हणता येत नाही, ‘नाही’ही नाही. ते तर चांगलं आहे. तुझ्या सगळ्या कामात तेच सगळ्यात चांगलं आहे, हे मी पहिल्यांदा लिहितेय. बाबांचे ते दिवस, सरकारी गाडीत प्रोजेक्टर घालून शाळाशाळांतून माहितीपट दाखवत हिंडायचे ते, जुने फोटो, गाडी बंद झाल्यावर भंगारातून सोडवून आणलेला आपला प्रोजेक्टर. आणि मग शेवटी ते फिल्म लावतात तो प्रसंग.

जन्मभर त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली. फिल्म प्रोजेक्टरच्या खिडकीतून घालताना वर आणि खाली सैल वळसा ठेवायचा, ताणून लावली तर फाटते. आपल्याला पाढ्यांच्या आधी हे येत होतं. आणि तुझ्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी ती ताणून लावली, यंत्र सुरू केलं, फिल्म फाटली. परत लावली, परत ताणून, परत फाटली. मग ते तुझ्याकडे बघून विचारतात, ‘बरोबर लावलीय ना रे?’ आणि तू बोलत नाहीस. कॅमेरा चालूच.

सभागृहात सगळ्यांच्या आधी बाबाच बोलले होते. अंधारात, मोठ्याने. ‘वळसा नाही ठेवला त्याने.’ शिकवताना बोलायचे त्या आवाजात. आणि मग त्यांना कळलं की तो कोण आहे.

तुला ते शूट करतानाच कळलं असणार. त्यानंतर कितीतरी महिने तू तेच तुकडे पुढेमागे करत बसला होतास. मला नाही सांगितलंस, आईला नाही, त्यांनाही नाही. मला राग येतो, आणि मग माझ्याच लक्षात येतं की आपल्याला शिकवलंच असं. सांगायचं नाही, दाखवायचं. आपल्या घरात कुणाला ताप आला तरी थर्मामीटर पुढे करायचे.

तर मी बाबांना काय सांगितलं? ‘मशीन बिघडलंय, बाबा.’ पटकन तोंडातून गेलं. अख्ख्या आयुष्यात यापेक्षा मूर्खपणाचं काही मी बोलले नसेन. कुणाला सांगितलं, तर त्यांना!

माहितीपट पुढच्या वेळी सुचवते. आज डोकं चालत नाही.

शेपूट


११ मार्च

दादा,

बाबांनी प्रोजेक्टर दुरुस्तीला काढलाय.

‘मशीन बिघडलंय म्हणालीस ना? मग मला आधी का नाही सांगितलंस,’ म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी तो कोपऱ्यातून ओढून जेवणाच्या टेबलावर आणला. तुझा माहितीपट फिल्मवर नाही, तो त्यावर लागतच नाही, हे समजावून सांगायला गेले तर म्हणाले, ‘तू पुस्तकांतली. हे माझ्यावर सोड.’ आणि कुठेही न बिघडलेला प्रोजेक्टर त्यांनी खोलला. पहिल्या दिवशी इतके खूश होते, दादा, की आईपण हसली. ‘बघ, निवृत्तीनंतर नोकरी लागली,’ म्हणाली. गळ्यात फडकं, कानावर पेन्सिल. मला वाटलं, लागलं बाई एकदाचं मन.

मग स्क्रू कुठला कुठे ते विसरायला लागले. सगळे भाग टेबलावर मांडलेले, आम्ही जेवायला जमिनीवर. रोज नव्याने सुरुवात करायची, दुपारपर्यंत चिडायचं. परवा त्यांनी दिव्याची वायर दाताने सोलली आणि प्लग लावून बघितला. आईने ओरडून बटण बंद केलं. काळा डाग पडलाय भिंतीवर, हाताला भाजलंय, फार नाही. पण ते त्या हाताकडे बघत म्हणाले, ‘पोराला बोलाव. त्याला येतं हे. त्याला मीच शिकवलंय.’

आई म्हणाली, ‘तो येत नाही.’

‘का?’

आईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ‘कामात आहे,’ मी म्हटलं. आणखी एक खोटं. मी आता इतकं खोटं बोलते की मला माझी भीती वाटायला लागलीये.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात बघितला, मग बाबांना साधे साधे प्रश्न विचारले. आपल्या घरात किती माणसं असं विचारल्यावर बाबा म्हणाले, ‘चार. एक बाहेर असतो.’ बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘त्या बाहेरच्याला बोलावून घ्या. घसरण आता वेगाने आहे. आज ओळखतील, पावसाळ्यानंतरचं मी सांगू शकत नाही.’

मी स्वतःच तुला आणायला येणार होते. सुट्टीचा अर्जही लिहिला. पण ते आता एकटे बाहेर पडतात, आणि आईला एकटीला आवरत नाहीत. एकीने दारात आणि एकीने त्यांच्यापाशी, असं चाललंय.

तुला एक माहितीपट सुचवते. शेवटचा म्हण. काचेचे डोळे बनवणाऱ्या एका कारागिराचा आहे. ज्याचा डोळा गेला तो समोर स्टुलावर बसतो, आणि कारागीर त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत बारीक कुंचल्याने दुसरा रंगवतो. तासन्‌तास दोघं एकमेकांच्या समोर. एक जण विचारतो, ‘माझा डोळा असा आहे?’ तो म्हणतो, ‘असाच. घाईत असलात की थोडा गडद होतो.’ मला वाटलं, आपल्याकडे इतकं नीट बघणारं कुणी असलं, तर वाईट ऐकायलासुद्धा भीती वाटणार नाही.

उपदेश नाही करत आहे. भीक मागतेय.

शेपूट


१९ मार्च

दादा,

कार्ड नाही.

टपाल उशिरा येत असेल. पोस्टमन रोज आमच्या फाटकावरून सरळ पुढे जातो आणि आता तर माझ्याकडे बघून मान हलवतो, बिचारा.

तू बघितलास ना? बघ, बघितला नसशील तर. नाही बघितलास तरी चालेल. काही दिसलं नाही तरी चालेल. कोरं कार्ड टाक. फक्त तिथे आहेस एवढं कळू दे. साउंडवाल्याला विचारलं, तो म्हणतो तू कामावर येतोस, कुणाशी बोलत नाहीस, डबाही पडद्यांसमोरच उघडतोस. दादा, तुझं तिकडे काही बरंवाईट तर चाललेलं नाही ना? इतके दिवस मी बाबांच्या काळजीत तुला ओढतेय, पण कधीकधी वाटतं की मी उलटंच भितेय. आधी तू हरवशील, मग ते.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण तसं नाही. काल तुझ्या खोलीतली चादर बदलली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘धूळ बसते म्हणून. लगेच पत्रात लिहू नकोस.’

लिहिलं.

शेपूट


३० मार्च

दादा,

बाबांना तुझा माहितीपट दाखवला. सगळं सांगते, आणि मधलं काही गाळत नाही. गाळावं असं फार वाटतंय.

रविवारी सकाळी बाबांनी परत विचारलं, ‘पोराने केलंय ते...’ आणि आईने हातातलं ताट खाली ठेवलं. शिवणयंत्राचा खण उघडला, प्रत काढून माझ्या हातात दिली. ‘लाव. मी थकले. मागतायत तर बघू देत. त्यांचंच आहे ते.’

वाचनालयातला लहान प्रोजेक्टर मी मोठ्या बाईंना विचारून आणला. पडदे ओढले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बाबा खुर्चीत ताठ बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. आई त्यांच्या शेजारी. मी मागे, हात बटणावर. वाटलं तर लगेच बंद करायचं असं ठरवून.

सुरुवातीला ते हसत होते. सरकारी गाडीचा फोटो आला तर म्हणाले, ‘हिचा ब्रेक लागायचा नाही. ड्रायव्हर म्हणायचा, थांबायची गरजच काय.’ आई म्हणाली, ‘म्हणूनच दोन दिवस उशिरा घरी यायचात.’ अगदी घरचं चाललं होतं, दादा. मी बटणावरचा हात काढला होता.

मग तो प्रसंग आला. म्हातारा फिल्म लावतोय. बाबा पुढे सरकले. ‘वळसा ठेव,’ म्हणाले. फाटली. ‘अरे, वळसा!’ परत फाटली. मी त्यांचा चेहरा बघत होते, आत्ता कळेल, आत्ता कळेल. आईने त्यांचा हात घट्ट धरला होता.

नाही कळलं. भिंतीवरचा माणूस कोण ते त्यांनी ओळखलंच नाही.

मग त्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘बरोबर लावलीय ना रे?’ आणि तुझी ती शांतता. माझ्या आठवणीपेक्षा खूप लांब आहे ती.

बाबा आमच्याकडे वळले. ‘तो काहीतरी विचारतोय,’ म्हणाले. ‘सांगा ना कुणीतरी त्याला.’ आईने त्यांचा हात ओढला. ‘बिचारा विचारतोय, आणि सगळे बघत काय बसलेत?’ असं म्हणून उठलेच. आईचा हात सोडवला आणि भिंतीपाशी गेले. ते सगळं चित्र त्यांच्या पाठीवर, पांढऱ्या शर्टावर. भिंतीवरच्या त्या हातांवर त्यांनी आपले हात ठेवले. ‘सरका जरा आजोबा, मी लावून देतो.’ आणि बोटांनी फिल्म लावायला लागले, रिकामीच. वर वळसा ठेवला. खाली वळसा ठेवला. एकही चूक नाही, दादा. आई तोंडावर पदर धरून रडत होती.

मग नावं आली, शेवटी तुझं, आणि भिंत पांढरी झाली. बाबा तिथेच उभे. भिंतीवरून हात फिरवत राहिले. ‘आत्ता इथे होता. कुठे गेला?’

तेव्हापासून ते त्याला शोधतायत. परवा चपला न घालता बाहेर पडले. बसथांब्यावर सापडले, तिथल्या एकेका म्हाताऱ्याकडे वाकून बघत होते. घरी आणताना मला राहवलं नाही. या घरात जे कुणी कधी केलं नाही ते मी केलं, तोंडाने सांगितलं. ‘बाबा, तो म्हातारा तुम्हीच आहात. तुम्हाला आजार झालाय, तुम्ही विसरता. म्हणून फिल्म चुकली.’

ते रस्त्यात थांबले. घाबरले नाहीत. हसले, मी लहानपणी चुकीचा पाढा म्हटला की हसायचे तसे. म्हणाले, ‘मी कसा असेन? कॅमेऱ्यामागे माझा मुलगा होता. मी चुकत असतो तर तो बोलला नसता?’

हे तुला लिहू की नको, यात दोन दिवस गेले. आई म्हणाली, ‘लिहू नकोस. हे वाचून तो कायमचा तोंड लपवेल.’ कदाचित लपवशील. पण काही गोड करून लिहिलं, त्यावर विसंबून तू आलास आणि इथे येऊन तुला खरं कळलं, तर मग माझ्या शब्दावर कुणी काय म्हणून काही बघावं? त्यांना राग नाही, दादा. त्यांचा अजून विश्वास आहे. रागापेक्षा हे सोसायला कठीण आहे, मला कळतं. म्हणूनच एकटा तिकडे बसून सोसू नकोस.

मी त्यांना सांगितलं, ते त्यांना पटत नाही. आईने सांगितलं, पटत नाही. डॉक्टरीणबाईंचंही नाही. त्या खोलीत तुम्ही दोघंच होतात, तू आणि ते. त्यांनी विचारलं होतं तुला. उत्तर अजून तुझ्याकडेच आहे, आणि ते ऐकणारा माणूस अजून थोडा थोडा इथे आहे. येऊन त्यांच्यासमोर बस आणि सांग, नाही बाबा, चुकलं होतं, मला तेव्हा बोलता आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी विसरतील. मग परत सांग. मी असेन तिथे.

माझ्याकडे आता तुला सुचवायला काही नाही. ये.

शेपूट